सोवळ्यातले जंतू

आपला भाऊ लोकांच्या पायांतला पू पोसतो, असे त्रिपुरसुंदरी अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्यात खोटे काही नव्हते. तमिळ मुलखातल्या त्या कावेरीकाठच्या गावात, महामहम तळ्याच्या पलीकडे, डॉक्टर कल्याणराम यांचे नर्सिंग होम होते आणि त्याच्या मागे, पूर्वी जिथे कोळसा साठवीत त्या खोलीत, चंद्रमौळी रावाची लॅबोरेटरी होती. मधुमेहाने सडलेले पाय पुढच्या दाराने येत. बोटांच्या बेचक्यातला, टाचेच्या भेगेतला, घोट्याखाली साठलेला पू कापसाच्या काडीवर मागे मौळीकडे येई. मौळी त्याला जेवू घाली, आणि मग त्याच ताटात औषध ठेवून कोण मरते ते पाहत बसे.

ही टूम डॉक्टरांनी पंचावन्न साली मद्रासहून आणली. काचेच्या बुटक्या ताटलीत रस्सा आणि समुद्रातल्या शेवाळाची खळ एकत्र उकळून ओतायची. निवली की ती खरवसासारखी धरते. तिच्यावर पू पसरायचा. त्यावर टिपकागदाच्या टिकल्या ठेवायच्या, प्रत्येक टिकली वेगळ्या औषधात भिजवलेली. ताटली उबेला ठेवली की दुसऱ्या दिवशी सगळीकडे सायीसारखे जंतू माजतात. ज्या टिकलीभोवती साय धरत नाही, मोकळे गोल कडे राहते, ते औषध त्या पायाला लागू. डॉक्टर त्या कड्याला रिंग म्हणत, म्हणून रोगीही म्हणत. ‘मला पेनिसिलिनची रिंग आली’ असे माणसे एकमेकांना सांगत, मुलीला चांगले स्थळ आल्यासारखे.

रस्सा बोकडाच्या मांसाचा लागे. तो आधी तिरुच्चीचा एक ख्रिस्ती गृहस्थ करीत असे. तो मलायाला निघून गेला आणि काम मौळीवर आले. तोवर मौळी फक्त रोग्यांची लघवी उकळून साखर बघत असे. निळे द्रावण निळेच राहिले तर रोगी घरी जाई, विटेसारखे लाल झाले तर आत येई. चाळिशीला टेकलेला, खांदे उतरलेला, हळू बोलणारा माणूस. नाही म्हणणे त्याला घरी जमले नव्हते, बाहेरही जमले नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘राव, उद्यापासून ताटल्याही तुम्हीच,’’ आणि त्याने मान हलवली.

पहिल्या दिवशी रस्सा उकळून, विहिरीवर अंघोळ करून, धोतर बदलून तो घरी गेला. कपडे बदलले तरी अक्काला कळले. तिला सगळेच कळे.

अक्का त्याच्याहून बरीच मोठी. न्हाण यायच्या आत विधवा झाली, केस उतरवले, लाल आलवण नेसून माहेरी परत आली. त्याच सुमारास आई मौळीला जन्म देऊन गेली होती. अक्काला मूल व्हायचे नव्हते, तिला मौळी मिळाला, आणि मिळालेली वस्तू ती दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांपैकी नव्हती. मौळीचे मंगलाशी लग्न तिनेच लावले, पण स्वयंपाकघराची किल्ली दिली नाही. मंगलाला मूल होईना, तेव्हा अक्का शेजारणीच्या देखत म्हणाली, ‘‘आमच्याकडे उलटेंच आहे. ताटलींत धरतें, ओटींत धरत नाहीं.’’ मंगलाने ते ऐकले आणि हातातले पितळेचे तपेले घासत राहिली.

त्या संध्याकाळी अक्काने विचारले, ‘‘काय शिजविलेंस आज?’’

‘‘रस्सा.’’

‘‘कशाचा?’’

मौळी पाय धुवायला वळला.

‘‘आमचे पणजोबा तंजावरास राजाच्या मुदपाकखान्यावर होते,’’ अक्का म्हणाली. ‘‘मांसाच्या चुलीकडे त्यांनीं जन्मभर पाठ केली. राजा समोर असला तरी केली. आणि तूं परक्यांच्या पुवासाठीं बोकड शिजवितोस.’’

‘‘पुस्तकांत तसेंच लिहिलें आहे, अक्का.’’

‘‘तर मग पुस्तकाच्या घरीं जेव.’’

तिने त्याचे केळीचे पान उचलून बाहेरच्या ओट्यावर, रस्त्याच्या अंगाला मांडले. भात वरून सोडला, हात न लावता. समोरच्या घरचे लोक बघत होते. सारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या बायका बघत गेल्या. मौळी ओट्यावर बसून जेवला. दुसऱ्या दिवशीही तिथेच जेवला, तिसऱ्या दिवशीही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा त्या घराचा कायदा होता. त्यामुळे ओट्यावरून ताक मागायचे तर कोणत्या भाषेत मागावे हे त्याला कळेना, आणि तो कोरडाच भात गिळत राही.

नर्सिंग होममध्ये शिवकामी म्हणून आया होती. बेडपॅन उचलणारी, रोग्यांना कुशीवर वळवणारी, धिप्पाड बाई. ती म्हणाली, ‘‘इथे टाका राव ते मांस. मी उकळून देते. तुमचा हात नको, तुमचा स्वर्गही वाचेल.’’ त्याने दिले. तिने रस्सा केला तो हळद, मीठ आणि आले घालून. नुसते पाण्यात मांस उकळायचे हे तिला माणुसकीला सोडून वाटले असावे. ताटल्या पिवळ्याधमक झाल्या आणि त्यांच्यावर काहीही उगवले नाही. डॉक्टरांनी ताटली नाकाशी धरली आणि विचारले, ‘‘राव, यात भात कधी कालवायचा?’’ सगळा वॉर्ड आठवडाभर हसत होता.

त्यानंतर मौळीने डाळ आणली.

कुणाला सांगितले नाही, विचारले नाही. तुरीची डाळ मऊ शिजवली, वरचे निवळ गाळून घेतले, त्यात शेवाळाची खळ घातली आणि ताटल्या ओतल्या. मांसाच्या रश्शाची ताटली आणि वरणाची ताटली शेजारी ठेवली तर दोन्ही एकाच गव्हाळ रंगाच्या. त्याने जीव मुठीत धरून पू पसरला. दुसऱ्या दिवशी जंतू उगवले होते. विरळ होते, उपाशी पोरांच्या केसांसारखे, पण होते. आणि टिकल्यांभोवती रिंगा आल्या होत्या, मोठ्या, गोल, मोकळ्या. डॉक्टर खूश झाले. ‘‘त्या तिरुच्चीवाल्याला अशी रिंग कधी आली नाही. तुमचा हात हलका आहे, राव.’’

आत पान मांडले गेले. अक्काने स्वतः तूप वाढले. मौळीने तिला डाळीचे सांगितले होते. तेवढे एकच घर होते जिथे ते सांगण्यात प्रतिष्ठा होती. कावेरीच्या घाटावर ओले नेसून पायऱ्या चढताना अक्का बायकांना म्हणाली, ‘‘आमच्या मौळीचे जंतूसुद्धां सोवळ्यांत आहेत. वरणभात खातात.’’ घाटावरच्या बायका हसल्या. त्यांतली एकही डॉक्टरांच्या ओळखीची नव्हती, हे मौळीचे नशीब.

दारासुरम्‌चा स्वामीनाथ हा रेशीम विणणारा. खड्ड्यातल्या मागावर बसून तो पायांनी पावड्या दाबी. घरातली पाच माणसे त्या दोन पायांवर जगत होती. उजव्या तळव्याला खिळा लागला, साखर होती, पाय सुजला. ताटलीत पेनिसिलिनची रिंग रुपयाएवढी आली. डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचायला लावले. सूज उतरली नाही. पुन्हा पू आला, पुन्हा ताटली केली, पुन्हा तशीच रिंग. डॉक्टर म्हणाले औषध वाढवा. पायाची बोटे काळी पडली आणि मग घोट्यावरून पाय काढावा लागला.

त्या पुवाचा एक थेंब मौळीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. जंतूंचे घडच्या घड, द्राक्षे लगडावीत तसे, डोळ्यात मावेनात इतके. आणि त्याच पुवाच्या ताटलीवर इथे चार ठिपके, तिथे चार ठिपके. मौळीने भिंग फडक्याने पुसले. एवढ्या वेळात त्याला कळले होते, की पायात जे दांडगे आहेत ते वरणावर रोडावतात, आणि रोडावलेल्याला कुठलेही औषध मारते. भिंग पुसून झाले तेव्हा त्याने ते कळणे फडक्याबरोबर घडी करून ठेवले. डॉक्टरांनी विचारलेच नाही. विचारले असते तर सांगितले असते, असे तो स्वतःशी म्हणाला, आणि जेवायला घरी गेला.

जायच्या दिवशी स्वामीनाथ कुबडी घेऊन मागच्या खोलीच्या दारात आला.

‘‘राव, रिंग चांगली मोठी आली होती ना?’’

‘‘आली होती.’’

‘‘मग ती तुमच्या ताटलीतच का राहिली? माझ्या पायापर्यंत का आली नाही?’’

मौळी म्हणाला, ‘‘साखर होती तुम्हाला.’’ स्वामीनाथने मान हलवली. त्याला ते पटले. मौळीला तेच सहन झाले नाही.

पुढच्या चैत्रात घराच्या कोब्यावर ठिकठिकाणी लाल डाग दिसू लागले. अक्काने मंगलाला हाक मारली. ‘‘कुंकू सांडायचें तर आपल्या खोलींत सांड. या घरांत मी वावरतें.’’ मंगलाने वाकून बोट लावले, वास घेतला आणि म्हणाली, ‘‘अक्का, कुंकू नाहीं हें. पाय दाखवा.’’ अक्का कधी चपला घालत नसे. चामडे तिला चालत नव्हते. भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीतून देवळात जाताना पितळेची एक कपची तिच्या टाचेत शिरली होती, आणि किती दिवस शिरलेली होती ते तिलाही ठाऊक नव्हते. तिला दुखलेच नव्हते. मौळीने तिची लघवी उकळली. द्रावण विटेच्या रंगावर गेले आणि तळाला गाळ बसला.

डॉक्टर घरी आले. ओट्यावर खुर्ची मांडली, अक्का दाराच्या आत बसली, पाय तेवढा उंबऱ्यावर. डॉक्टर तिला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत. ते म्हणाले, ‘‘इन्शुलिन घ्यावे लागेल, पाट्टी.’’

‘‘तें कशापासून करतात?’’ हे तिने मौळीला मराठीत विचारले. मौळीने तमिळमध्ये पुढे सरकवले. डॉक्टर शिकलेले होते, शिकलेल्या माणसासारखे उत्तर देऊन बसले. ‘‘बैलाच्या पोटातल्या एका गाठीपासून.’’

अक्काने पाय आत घेतला. इन्शुलिनचे नाव पुन्हा त्या घरात कुणी काढले नाही. मेथीचे पाणी, कारल्याचा रस आणि एकवेळचे जेवण यांवर ती राहिली. पेनिसिलिन बुरशीपासून होते, बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते तीच, हे मौळीने समजावल्यावर सुईला तिने हरकत घेतली नाही. पूही तिने मौळीलाच काढू दिला. काडी टाचेत जात होती आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

‘‘वरणावर घालशील ना?’’

‘‘हो.’’

‘‘परक्यांचे घालतोस तसेंच नीट घाल.’’

ताटलीत पेनिसिलिनची रिंग आली, रुपयाएवढी. स्वामीनाथच्या ताटलीत आली होती तेवढीच.

तरी त्याने सुया टोचल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. टाच निळी झाली, मग घोटा सुजला. घरात धूप जाळला तरी वास राही. मंगला भात वाढताना श्वास रोखून धरी. अक्का म्हणाली, ‘‘नाक काय म्हणून मुरडतेस? तुझ्या सासूचा पाय असता तर चाटला असतास.’’ मंगला म्हणाली, ‘‘सासू लवकर सुटल्या.’’ मंगलाने अक्काला उलट उत्तर दिल्याचा तो पहिला प्रसंग. अक्का तिच्याकडे बघतच राहिली, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, जरा मजाच होती.

एका दुपारी मौळी शिवकामीला म्हणाला, ‘‘बोकडाचे मांस हवे आहे. चरबी नको.’’

‘‘आलात शेवटी आमच्या चुलीवर,’’ शिवकामी म्हणाली. ‘‘हळद घालू?’’

‘‘काही घालू नकोस. मीच उकळतो.’’

त्याने स्वतः चिरले, स्वतः उकळले. फेस वर आला तो काढून टाकला. ताटल्या ओतल्या. अक्काच्या टाचेतला ताजा पू एका ताटलीत मांसावर पसरला, दुसऱ्या ताटलीत वरणावर. दोन्हींवर त्याच टिकल्या ठेवल्या. सकाळी दोन्ही ताटल्या खिडकीच्या उजेडात धरल्या. वरणावर तेच, चार ठिपके आणि मोठी रिंग. मांसावर जंतू दह्यासारखे घट्ट धरले होते आणि पेनिसिलिनच्या टिकलीला चिकटून, तिच्या अंगावर चढून वाढले होते. स्ट्रेप्टोमायसिनलाही तेच. फक्त क्लोरोमायसेटिनच्या टिकलीभोवती त्यांनी जागा सोडली होती, स्वच्छ आणि रुंद.

तो डॉक्टरांकडे दोन्ही ताटल्या घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी एक बघितली, मग दुसरी.

‘‘दोन रोगी?’’

‘‘एकच. माझी बहीण.’’

‘‘एकाच पुवाच्या दोन ताटल्या दोन गोष्टी कशा सांगतात?’’

‘‘ही बोकडाची आहे.’’

‘‘आणि ती?’’

‘‘तुरीच्या डाळीची.’’

डॉक्टरांनी ताटली टेबलावर ठेवली. खिडकीबाहेर तळ्याच्या पायऱ्यांवर कुणी धोतर पिळत होते.

‘‘कधीपासून?’’

‘‘त्या पिवळ्या ताटल्यांनंतर.’’

‘‘तो दारासुरम्‌चा?’’

‘‘तोही डाळीवरच.’’

‘‘म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला वरण वाढत होतात,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आणि मी बोटं चाटत होतो.’’ ते हसले, आणि तसे हसलेले मौळीने त्यांना कधी पाहिले नव्हते. ‘‘बसा. उभे राहू नका, नोकरी जात नाही तुमची. तुम्हाला काढलं तर लोक कारण विचारतील. आणि कारण कळलं तर ते आधी माझ्या दारात येतील, तुमच्या नाही. उद्यापासून बोकड. यातलं कुणाला एक अक्षर बोलायचं नाही, त्या विणकराला तर नाहीच. पाय गेला तो गेला. कळल्याने उगवणार आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘बहिणीला क्लोरोमायसेटिन सुरू करा. आजच. अजून वेळ आहे, फार नाही.’’

औषध जिलेटिनच्या कुप्यांत, कॅप्सुलांत येई, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांचे. कुपी कशाची, हे अक्का विचारणारच. म्हणून मौळीने सगळ्या कुप्या उघडून भुकटीच्या कागदी पुड्या बांधल्या आणि त्या घरी नेल्या. वाटेत त्याने काय बोलायचे ते जुळवून ठेवले होते.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. पाय पाटावर, केळीच्या पानावर ठेवलेला. मंगला स्वयंपाकघराच्या दारात होती.

‘‘औषध बदललें,’’ मौळी म्हणाला. ‘‘हें घ्यायचें. मातींतल्या बुरशीपासून करतात.’’

‘‘पेनिसिलिनची रिंग मोठी आली म्हणालास.’’

‘‘नवी ताटली केली. तींत याची आली.’’

‘‘पू तोच. ताटली काय म्हणून दुसरें बोलते?’’ अक्काने पुडी हातात घेतली होती. ‘‘कशावर केलीस?’’

मंगला अक्काच्या नजरेआड, दारातच उभी होती. तिने मौळीकडे बघून मान हलवली, आणि ओठांनी, आवाज न करता, एक शब्द म्हटला. वरण. मौळीने तो वाचला. तोच शब्द त्याने वाटेत जुळवून आणला होता. अक्का वाट बघत होती, पुडी उलगडून, भुकटी तळहातावर घेऊन.

या बाईने त्याला वाढवले होते. जेवायच्या आधी नखे तपासली होती, बायकोला चुलीपासून दूर ठेवले होते, ओट्यावर बसवून रस्त्याला दाखवले होते. आणि आता ती विचारत होती, स्वामीनाथने विचारले होते तसेच, फक्त ‘साखर होती’ एवढ्यावर तिचे भागणार नव्हते.

‘‘बोकडावर,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या हातानें चिरला, माझ्या हातानें उकळला. तुझ्या वरणावर जंतू रोड होतात, अक्का. तिथें सगळींच औषधें खरीं वाटतात. तुझ्या वरणानें दारासुरम्‌च्या एका विणकराचा पाय खाल्ला. आणखी कुणाकुणाचे खाल्ले ते मी मोजले नाहींत. डॉक्टरास दोन वर्षें मी खोटें सांगत होतों, तुझ्या एका पानासाठीं. आतां तुझाच पाय आहे. गीळ.’’

हे बोलताना त्याला बरे वाटत होते. उन्हाळ्यात विहिरीत उडी घ्यावी तसे सगळे अंग थंड होत होते.

अक्काने तळहात उलटा केला. भुकटी कोब्यावर पडली.

‘‘शिजविलेल्या मांसानें निवडलेलें औषध मी घेणार नाहीं,’’ ती म्हणाली.

‘‘औषधांत मांस नाहीं.’’

‘‘मी ऐकिलें.’’

‘‘पाय जाईल.’’

‘‘तें माझें.’’

डॉक्टर पुन्हा आले, समजावून गेले. आले तसे उंबऱ्यावरूनच परत गेले. मंगलाने एक पुडी ताकभातात कालवून दिली. ते औषध कडूजहर असते. अक्काने पहिला घास तोंडात धरला, मंगलाकडे पाहिले, आणि तो पानावर परत काढून ठेवला. त्यानंतर तिने त्या घरातले शिजवलेले अन्न खाल्ले नाही. केळे खाई, नारळाचे पाणी पिई. मौळी तिच्यापुढे पुडी घेऊन बसे. ती भिंतीकडे तोंड करी. कधी कधी ती वळून विचारी, ‘‘आज काय शिजविलेंस?’’ तो सांगे. ती पुन्हा भिंतीकडे वळे.

ताप चढला. काळेपण पोटरीपर्यंत आले. तेव्हा ती म्हणाली, ‘‘तोडा.’’ मंगला रडू लागली, तर तिला म्हणाली, ‘‘लोखंडास विटाळ नसतो. सुरी तापवून घ्या म्हणजे झालें.’’

गुडघ्याखाली पाय काढला. नर्सिंग होमच्या मागच्या दारातून शिवकामीने तो अक्काच्याच आलवणाच्या तुकड्यात गुंडाळून मौळीच्या खोलीत आणून दिला, जसे इतर सगळे तिथे येई. डॉक्टरांनी चिठ्ठी न लिहिता निरोप पाठवला होता, हाडाजवळचा पू घेऊन एक ताटली करा, मला बघायचे आहे. मौळीने गाठ सोडली. टाच त्याला लहानपणापासून ओळखीची होती, तिच्या भेगांत मातीच्या रेघा होत्या. त्याने तार दिव्यात लाल केली, निवू दिली, पू घेतला आणि मांसाच्या ताटलीवर पसरला. टिकल्या ठेवल्या. मग गाठ पुन्हा बांधून तो कावेरीकाठच्या मसणात गेला.

मसणातला माणूस म्हणाला, ‘‘बाकीचं कुठे आहे?’’

‘‘जिवंत आहे.’’

‘‘मग याला मंत्र कुठला म्हणतात तुमच्यात?’’

मौळीला ठाऊक नव्हते. थोड्या शेण्यांत काम झाले. लाकडे लागलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताटली बघून तो पुढे वॉर्डात गेला. अक्का खाटेवर होती. पाय नसलेल्या जागी चादर सपाट होती. तिच्या अंघोळीला आता शिवकामी येई, तिला उचलून बसवी, तिच्या उघड्या डोक्यावरून पाणी ओती, आणि ‘‘हात वर, पाट्टी,’’ म्हणत काखा धुई. ती हात वर करी. विहिरीचे पाणी स्वतः काढून ओलेत्याने देवासमोर जाणे संपले होते.

‘‘शेवटची ताटली केलीस म्हणे,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टर सांगत होता.’’

‘‘केली.’’

‘‘त्या पुडीची रिंग आली?’’

‘‘आली.’’

‘‘केवढी?’’

लहान आली म्हणता आले असते. आलीच नाही म्हणता आले असते. मौळीने अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून दाखवले, आणि ते कमी पडले म्हणून बोटे आणखी लांब केली.

अक्का त्या कड्याकडे बघत राहिली.

‘‘पाय वांचला असता.’’

‘‘हो.’’

‘‘तर मग त्या दिवशीं वरण म्हणायचें होतेंस.’’

‘‘अक्का?’’

‘‘मी विचारिलें काय म्हणून, मौळी? ठाऊक नव्हतें मज? आदल्या रात्रीं तूं ताक मागितलें नाहींस, तेव्हांच कळलें, तूं पुन्हां कशास हात लाविलास तें. तूं वरण म्हणावेंस म्हणून विचारिलें. पुडी उलगडून बसलें होतें. म्हणाला असतास तर गिळलें असतें.’’ तिचा आवाज चढला नाही. ‘‘त्या परक्या डॉक्टरास दोन वर्षें खोटें खाऊं घातलेंस. मज एक दिवस घालतां आलें नाहीं.’’

मौळीची बोटे अजून तशीच होती. ती खाली घेण्याचे त्याला सुचले नाही.

‘‘आतां ती शिवकामी कुठें आहे बघ,’’ अक्का म्हणाली. ‘‘मज कुशीवर वळायचें आहे. तूं नको. तिचा हात जड आहे, पण सांगितलें तेवढेंच करते.’’